पिल्लू रात्रभर रडतंय, उठायचं की रडू द्यायचं?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, सहा दिवसांपूर्वी लॅब्राडोरचं पिल्लू घरी आणलंय, नऊ आठवड्यांचं. दिवसा एकदम गुणी, पण रात्री दिवा बंद केला की सुरू. आधी कुईकुई, मग भुंकणं, मग असं किंचाळतं की पोटात कालवतं. क्रेट (झोपायचा जाळीचा पिंजरा) हॉलमध्ये ठेवलाय, आत मऊ गादी, खेळणी सगळं दिलंय. घरचे म्हणतात रडू दे, दोन दिवसांत होईल गप्प. काल तसंच केलं तर दीड तास रडलं, आणि सकाळी बघतो तर गादी शूने भिजलेली आणि हे कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. मला बघवेना. काय करू?

उत्तर १:
रडू देऊ नका, प्लीज. आत्तापर्यंत ते आई आणि भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपत होतं, आणि आता अंधारात, अनोळखी घरात एकटं. तो हट्ट नाहीये, भीती आहे. आजच क्रेट तुमच्या पलंगाला लावून ठेवा, रडलं की हात खाली सोडायचा, बोटं हुंगायला मिळाली की बरंच शांत होतं. हॉलमध्ये न्यायचं ते नंतर, रोज थोडं थोडं सरकवत.

दुसरं म्हणजे शू. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तितके तास धरवतं, म्हणजे तुमचं तीन तास फार तर. त्यामुळे त्याने उठवायची वाट बघू नका, तुम्हीच आधी उठा. दोनला रडत असेल तर पावणेदोनचा अलार्म. उचलून थेट बाहेर, मोठा दिवा नाही, लाडीगोडी नाही, शू झाली की हळूच शाबासकी आणि परत आत. रात्री खेळलात तर रोज त्या वेळेला खेळायलाच उठेल. चार-पाच रात्री नीट गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे, असं करत करत पहाटेपर्यंत पोचतो आपण. शेवटचं जेवण झोपायच्या तीन तास आधी द्या. पाणी दिवसभर भरपूर, फक्त झोपायच्या तासभर आधी वाटी उचला, उन्हाळा असेल तर वाटी उचलूही नका.

उत्तर २:
क्रेट किती मोठा आहे तेही बघा. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं की बास. जास्त मोठा असला की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप असं चालू होतं. गादी एन्झाइमवाल्या (शूचा वास घालवणाऱ्या) क्लीनरने धुवा, अमोनियावालं काही वापरू नका, त्याचा वास शूसारखाच येतो. आणि दिवसा दर थोड्या वेळाने थेंब थेंब शू करत असेल किंवा शी पातळ असेल तर आधी व्हेटला दाखवा, इन्फेक्शन किंवा जंत असले तर कितीही अलार्म लावा, उपयोग नाही.

प्रश्नकर्ता:
शू, शी ठीक आहे. क्रेट मात्र मोठाच घेतलाय, मोठा झाल्यावरही चालावा म्हणून 😔 अजून एक, संध्याकाळी वेड्यासारखं पळतं, पायाला चावतं, म्हणून आम्ही मुद्दाम झोपेपर्यंत दमवतो. बरोबर आहे ना?

उत्तर १:
नाही हो, ते उलटं होतंय. एवढं लहान पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं. संध्याकाळचं ते चावणं, पळणं बहुतेक वेळा झोप अनावर झाल्याचं असतं, लहान मुलं नाही का दमली की किरकिर करतात. दिवसा तासभर जागं राहिलं की झोपवा, तेही क्रेटमध्येच, दार उघडं ठेवून, म्हणजे क्रेट म्हणजे फक्त रात्र आणि एकटेपण असं डोक्यात बसणार नाही. क्रेट मोठा असेल तर मध्ये जाळी लावून अर्धा बंद करता येतो.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनी):
राहिलं होतं सांगायचं. क्रेट पलंगाशी आणला त्याच रात्री रडणं दहा मिनिटांवर आलं. मधे दोनदा गादी भिजली, अलार्म घाईने पुढे ढकलला होता म्हणून, परत मागे घेतला. आता अकराला झोपतं आणि साडेतीनला एकदा उठवतो. काल अलार्म वाजला तेव्हा ते गाढ झोपलं होतं, नाक जाळीला टेकवून, माझा हात जिथे असतो तिथेच.