इंग्लिशला नाटक लागलंय, निबंधावर शेरा आलाय "ही नुसती गोष्ट झाली". आता काय लिहू?

शेवटचा_बाक
लोकहो जरा मदत करा. आम्हाला इंग्लिशला लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' आहे, १९५९चं नाटक. शिकागोच्या साउथ साइडचं यंगर नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब, खुराड्याएवढ्या घरात पाच जण, वडील गेलेत आणि त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर यायचेत. मग त्यावरून भांडणं, बस. आख्खं नाटक एकाच खोलीत घडतं. मला आवडलं नाही असं नाही, घरातला मुलगा वॉल्टर भारीच आहे, पण लिहायला बसलं की माझं "आधी हे झालं मग ते झालं" सुरू होतं. पहिला निबंध चार पानं खरडला आणि मॅडमनी खाली लाल पेनाने लिहिलं, ही नुसती गोष्ट झाली, तुला काय दिसलं ते सांग.

दुसरा पुढच्या आठवड्यात द्यायचाय, विषय आहे "पैसे बुडाले त्याला जबाबदार कोण". वॉल्टरच ना, दुसरं कोण? आणि ते ममाचं (वॉल्टरच्या आईचं) कुंडीतलं रोपटं, सगळ्या गाइडांत "आशेचं प्रतीक" छापलंय, म्हणजे आख्खा वर्ग तेच उतरवणार.

खडूफळा
बरीच वर्षं हे नाटक शिकवलंय म्हणून सांगते. रोपटं ठेव बाजूला, ते कुठे पळून जात नाही. पेन्सिल घे आणि पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला एवढंच मार्क करत जा.

पहिलाच प्रवेश घे. सकाळची गडबड, बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांबरोबर सामाईक, म्हणून नंबर लावायची घाई. वॉल्टरचा मुलगा ट्रॅव्हिस शाळेसाठी ५० सेंट मागतो, त्याची आई रूथ म्हणते नाहीत. मग वॉल्टर काय करतो? बायकोकडे बघत खिशातून ५० सेंट काढून पोराला देतो, वर आणखी ५० देतो, फळं घे नाहीतर टॅक्सीने जा म्हणतो. पोरगं खूश. आणि थोड्या वेळाने हाच बाप कामाला निघताना दारातून परत येतो, कारण त्याच्याकडे गाडीभाड्याला पैसे उरलेले नाहीत, आणि ते मागायचे कुणाकडे तर रूथकडे. ती पण ५० सेंट देते आणि टॅक्सी कर म्हणून टोमणा मारते.

आता हे मोठं करून बघ. ममा ३,५०० डॉलर घराच्या डाउन पेमेंटला भरते, उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हातात ठेवते, त्यातले ३,००० वॉल्टरच्या बहिणीच्या, बेनीथाच्या डॉक्टरकीसाठी बँकेत टाक म्हणून सांगते. तो सगळेच्या सगळे दारूच्या दुकानाच्या धंद्यासाठी विली हॅरिस या मित्राला देऊन बसतो, आणि विली ते घेऊन पळतो. सकाळचा तोच माणूस आहे हा, फक्त आकडा वाढलाय. पोरासमोर, घरासमोर देणारा म्हणून उभं राहायची एवढी भूक की आपल्याकडे नाही ते पण देऊन टाकायचं. असं एक निरीक्षण मिळालं की निबंध चालायला लागतो, नाहीतर मुलं अंक पहिला, अंक दुसरा करत बसतात आणि मला रविवारी तेच तेच तपासावं लागतं (हे जरा मनातलं बोलले).

रात्रपाळी
मॅडम, बरोबर आहे पण यात सगळं वॉल्टरच्या स्वभावावर ढकललं जातंय असं नाही वाटत? तो ड्रायव्हर आहे, साहेबाची गाडी चालवतो. आई आणि बायको दुसऱ्यांच्या घरी राबतात. घरात पहिल्यांदाच मोठी रक्कम आली ती कशी, तर बाप मेला म्हणून. अशा ठिकाणी एक चूक झाली की संपलं. चूक तर सगळेच करतात, पैसेवाल्याला ती परवडते एवढंच.

आणि ममा गोऱ्यांच्या वस्तीत, क्लायबर्न पार्कमध्ये घर का घेते? गोऱ्यांच्यात राहायची हौस म्हणून नाही. ती सरळ सांगते की आपल्या लोकांसाठी लांब कुठेतरी बांधलेली घरं दुप्पट महाग पडतात. हे हॅन्सबेरीने हवेतून आणलेलं नाही. तिच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, तिथे कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असा मालकांचा आपसातला करार होता. जमाव घरावर चालून आला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९४०ला निकाल हॅन्सबेरींच्या बाजूने लागला पण तांत्रिक मुद्द्यावर, असले करार तसेच राहिले. कोर्टं ते राबवू शकत नाहीत हे १९४८ला ठरलं. मग नाटकात करार दाखवायची गरजच उरत नाही, हातात हॅट घेऊन त्या वस्तीतल्या गोऱ्यांचा प्रतिनिधी लिंडनर येतो, अगदी गोड बोलतो आणि तुम्ही येऊ नका म्हणून वर पैसे देऊ करतो. म्हणजे पैसे घेऊन दोघं जण येतात ना, एक विमा आणि एक लिंडनर. जबाबदार कोण विचारलं तर मी तरी घराच्या दाराबाहेर बघेन.

खडूफळा
@रात्रपाळी मान्य, पण पेपरात नुसती कोर्टकचेरी लिहिली तर तो इतिहासाचा निबंध होईल. लिंडनरच्या हातातली हॅट वापर म्हणावं त्याला, १९४० चा निकाल एका ओळीत बसतो.

विंगेतून
मी हौशी नाटकं करतो, शिकवत वगैरे नाही. नाटक मनातल्या मनात वाचू नकोस रे, दोन मित्र पकड आणि मोठ्याने वाच, चुकलात तरी चालेल. आणि कंसातल्या सूचना गाळू नकोस, सगळे गाळतात. सुरुवातीलाच खोलीचं वर्णन आहे, फर्निचर कधीकाळी प्रेमाने निवडलेलं, आता सोफ्याचं मूळ कापड वरच्या कव्हरांखालून दिसायला धडपडतंय, गालिचा जिथे विरलाय तिथे टेबल नाहीतर खुर्ची सरकवून ठेवलीय. विरलेल्या जागेवर खुर्ची ठेवणारी माणसं कशी असतात हे तुला कुणी सांगायला नको. लग्नानंतर दोनच आठवड्यांत ममा इथे आली होती, वर्षभरात हलायचं म्हणून. तिथेच मुलं मोठी झाली, नातू आता त्याच खोलीत सोफ्यावर झोपतो.

अजून एक, शेवटी वॉल्टर लिंडनरचे पैसे घ्यायला तयार झालेला असतो, तेव्हा ममा ट्रॅव्हिसला बाहेर जाऊ देत नाही. इथेच थांब, बघ म्हणते, आणि बापाला पोरासमोर ते करायला लावते. तिथे त्याची जीभ वळत नाही, नाही म्हणतो. वरती मॅडमनी ५० सेंटचं सांगितलं ना, तिथेही तेच पोरगं समोर उभं होतं. तालमीत हे लक्षात आलं तेव्हा आमचा वॉल्टर दोन मिनिटं गप्पच बसला होता.

शेवटचा_बाक
आयला. म्हणजे ट्रॅव्हिस दोन्हीकडे. मी तर त्याला "लहान मुलगा, फारसं महत्त्व नाही" असं लिहून मोकळा झालो होतो.

मग असं चालेल का: वॉल्टरने पैसे घालवले हे खरंच, त्याला सोडायचं नाही, पण ममाने पण त्याला पैसे दिले ते हिशोबाने नाही, तो खचलाय हे बघून दिले, म्हणजे तिनेही तेच केलं जे त्याने पोरासाठी केलं. हातात पैसे दिले की माणूस उभा राहील असं दोघांनाही वाटलं. आणि तसं का वाटावं तर बाहेर त्यांना उभं राहायला जागाच नाही, इथे लिंडनर आणतो. रोपटं टाकतच नाही. की शेवटी टाकू? ममा परत येऊन ते घेऊन जाते ते मला खरं तर आवडलं होतं.

अजून एक डाउट, एका गाइडमध्ये मिसेस जॉन्सन नावाची शेजारीण आहे, माझ्या पुस्तकात ती बाईच नाही??

खडूफळा
ममाचं नीट पकडलंस, तिथूनच सुरुवात कर. दहा हजार ते शून्य हा हिशोब एका वाक्यात उरक. आवडलंय तर रोपटं टाक की, फक्त प्रतीक हा शब्द न वापरता. ती नुसती दार उघडून परत आत येते आणि कुंडी उचलते, तेवढं लिहिलं तरी पुरे.

मिसेस जॉन्सनचा भाग मूळ प्रयोगात कापला होता, नंतरच्या काही आवृत्त्यांत तो परत आला, म्हणून गोंधळ. ती पेपर घेऊन येते, एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी असते त्यात. तुझ्या पुस्तकात नसेल तर तिच्यावर काही लिहू नकोस.

रात्रपाळी
नसेल तर लायब्ररीतून दुसरी प्रत घेऊन वाच मात्र. घरातलं भांडण घरातलंच वाटत असेल ना, तर ती बाई पेपर घेऊन आत आल्यावर वाटणार नाही.

शेवटचा_बाक
शोधतो उद्या. मित्र पण पकडलेत दोन, वॉल्टर कोण करणार यावरून आत्ताच भांडण चालूय.