मदत हवी आहे: शनिवारी पहिलीच लाइव्ह टुर्नामेंट, हातात दोनच दिवस

पुढची_चाल
नमस्कार. तीन वर्षं ऑनलाइन पोकर खेळतोय, रोज रात्री चार टेबलं उघडून. नफ्यात आहे, त्यामुळे "आधी सुरुवातीचे हात, म्हणजे कोणते पत्ते खेळायचे ते शिका", रेंजेस, सॉल्व्हर वगैरे पुस्तकी गणित कृपया नको. मित्राने परस्पर नाव नोंदवलं आणि आता शनिवारी पहिल्यांदाच खऱ्या टेबलाशी, खऱ्या चिप्स घेऊन बसायचंय. काल घरी चिप्सचा डबा उघडला तर बोटं लाकडाची झाल्यासारखी. दहा चिप्सची चवड सरळ उभी राहीना.

दोन दिवसांत नेमकं काय करू? लाइव्ह खेळलेल्यांनीच सांगा. जरा लवकर.

बटणावरचा
सुरुवातीचा स्टॅक, म्हणजे मिळणाऱ्या चिप्स, किती? लेव्हल (सक्तीच्या रकमा वाढेपर्यंतचा टप्पा) किती मिनिटांची? बाद झाल्यावर पुन्हा प्रवेश मिळतो की एकदा गेलात की घरी? टेबलाला आठ जण की नऊ? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालंय हे.

जुना_पिसणारा
बाकी सगळं सोडा, चिप्स धरा. रात्री जेवण झालं की तासभर चिप्स मोजायच्या, वीस-वीसच्या चवडी लावायच्या आणि रक्कम एकाच हालचालीत पुढे सरकवायची. थोड्या पुढे ठेवल्या, हात मागे नेला, अजून थोड्या आणल्या, की ती झाली स्ट्रिंग बेट, म्हणजे तुकड्यांत लावलेली रक्कम. दुसरा हप्ता डीलर परत करतो.

आणि एका चिपचा नियम! माझ्या पहिल्या टुर्नामेंटची गोष्ट. ब्लाइंड (दोघांनी आधीच लावायच्या सक्तीच्या रकमा) १००/२००. माझ्या आधीच्याने ५०० केले, मला १,००० करायचे होते. १,००० ची एक चिप झोकात टाकली, तोंडातून शब्द नाही. डीलर म्हणाला "कॉल" (म्हणजे आधीच्याइतकेच लावले) आणि ५०० परत दिले. समोर बेट असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉलच धरतात. माझ्या हातात दोन राजे होते. मागून तिघं स्वस्तात आत शिरले, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, एक्का. अजून आठवतं.

इस्पिक_राणी
म्हणजे दोष चिप्सचा नव्हता, तोंड बंद ठेवण्याचा होता ना? मग तासभर चवडी कशाला लावायच्या? धागाकर्ते, आपली पाळी आली की आधी बोला. "रेज, बाराशे." म्हणजे वाढवून बाराशे. मग चिप्स आरामात मोजून ठेवा, हात थरथरला तरी काही बिघडत नाही. पाळीत उच्चारलेला शब्द बांधून घेतो, तो स्ट्रिंग होत नाही. फक्त रक्कम पूर्ण बोला. नुसतं "पाच" म्हणालात आणि ५०० व ५,००० दोन्ही शक्य असतील तर पॉट (मध्ये जमलेली रक्कम) ५,००० च्या खाली असताना ५०० च धरतील.

जुना_पिसणारा
बोलताना आवाज कापतो त्याचं काय? समोरचा तोच ऐकत बसलेला असतो. चिप्स शांतपणे सरकवणाऱ्याचं काहीच कळत नाही. वीस वर्षं बघतोय.

इस्पिक_राणी
शांतपणे सरकवून दोन राजे घालवले की हो तुम्ही!

एक_हितचिंतक
लहान तोंडी मोठा घास, पण आमच्या घरात पत्त्यांनी काय केलं ते मी पाहिलंय. धर्मराजालासुद्धा पुढचा डाव आपलाच वाटत होता. नफ्यात आहात म्हणता, तिथेच थांबलात तर बरं. राग नसावा.

पुढची_चाल
हितचिंतक, राग नाही, पण हा धागा त्यासाठी नाही.

बटणावरचा, स्टॅक २०,०००, सुरुवात १००/२०० ने, लेव्हल अर्ध्या तासाची, पुन्हा प्रवेश एकदाच. आठ जण. आता सांगा.

बटणावरचा
आता बोलता येईल. १०० बिग ब्लाइंड, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या (२००) शंभरपट, सुरुवात चांगली ऐसपैस आहे. पण वेळेचा हिशोब बघा. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर हात पडतात, तुमची चार टेबलं म्हणजे अडीचशे. लाइव्हमध्ये पत्ते पिसायचे, वाटायचे, कोणी विचार करत बसतो, कोणी वेटरशी बोलतो. तासाला पंचवीस-तीस झाले तर टेबल वेगात चाललंय म्हणायचं. अर्ध्या तासाच्या लेव्हलमध्ये फार तर पंधरा हात. दोन फेऱ्याही धड नाहीत. तुम्ही घरी तासाभरात बघता तेवढे पत्ते तिथे आठ-दहा तासांत येतील.

ऑनलाइनवाले इथेच मरतात. तासभर फोल्ड करून, म्हणजे पत्ते टाकून देऊन, कंटाळा येतो आणि मग "बघू तरी" म्हणून भिकार हात खेळला जातो. तयारीच करायची तर आज रात्री एकच टेबल उघडा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तीन तास बसून दाखवा. माझ्या मते ही एक गोष्ट बाकी सगळ्यांहून अवघड आहे.

तिर्री
टेल्सबद्दल, म्हणजे पत्ते कसे आहेत ते फोडणाऱ्या हावभावांबद्दल, कोणीच बोलत नाहीये? लाइव्हची सगळी गंमत त्यातच! गॉगल, टोपी, समोरच्याची मानेवरची शीर. मी तर बोटांकडे बघतो. हात थरथरला म्हणजे घाबरलाय असं नवख्यांना वाटतं. बहुतेक वेळा तगडे पत्ते आलेले असतात. आणि २००३ साली ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतूनच आला होता, लाइव्ह टुर्नामेंटचा अनुभव शून्य, आणि थेट वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट घेऊन गेला. ८३९ खेळाडूंत. घाबरू नका!

इस्पिक_राणी
उरलेल्या ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आणि पहिल्या दिवशी कोणाच्या शिरा बघू नका. पाळी कोणाची, कोणी किती लावले, कोणाकडे किती उरले, एवढं बघून झालं की डोळ्यांना फुरसतच राहत नाही. एकच सवय लावा: पत्ते मिळाल्या मिळाल्या उचलायचे नाहीत. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे आपापले पत्ते बघतात तेव्हा त्यांच्याकडे बघा. ज्याला फोल्ड करायचंय त्याचा हात आधीच फेकण्याच्या तयारीत दिसतो. एवढं फुकट मिळतं, तेवढं घ्या.

रमीवाली
मी ऑनलाइन रमी खेळते. अशा लाइव्ह स्पर्धा रमीच्याही असतात का? तिथे वेळेचं बंधन कसं असतं?

जुना_पिसणारा
एक राहिलं. पॉट मोजायला शिका. पडद्यावर आकडा झळकतो, तिथे झळकत नाही. डीलरला विचारलंत तर तो मोजून देणार नाही, फार तर चिप्स पसरवून दाखवेल. प्रत्येक बेटला मनात बेरीज चालू ठेवायची.

पुढची_चाल
मोजून देणार नाही म्हणजे? मग मी "पॉट" म्हणालो तर त्याला कळणार कसं किती घ्यायचे? मी तर निम्म्या वेळा पॉटचंच बटण दाबतो.

इस्पिक_राणी
नो-लिमिटमध्ये, म्हणजे बेटला वरची मर्यादा नसते तिथे, "पॉट" ही धड बेटच नाही. तसं म्हणालात तर काहीतरी वैध बेट लावावीच लागेल, पण आकडा तुम्हीच द्यायचा.

पुढची_चाल
नो-लिमिट कुठून आलं? पीएलओ आहे.

बटणावरचा
काय?

इस्पिक_राणी
म्हणजे पॉट-लिमिट ओमाहा? चार पत्त्यांचा, पॉटएवढीच कमाल बेट? हे आत्ता सांगताय?

पुढची_चाल
मी तीन वर्षं तेच खेळतोय. त्यात सांगण्यासारखं काय? होल्डेम, म्हणजे दोन पत्त्यांचा खेळ आहे असं तर मी कुठेच म्हणालो नव्हतो.

जुना_पिसणारा
धन्य आहात. माझे दोन राजे उगीच सांगितले.

बटणावरचा
ठीक आहे, पाटी पुसून लिहितो. वेळेचं गणित अजून वाईट झालं, ओमाहात फ्लॉप बघायला जास्त लोक येतात आणि जास्त विचार करतात. अर्ध्या तासात बारा हात धरा.

पॉट-लिमिटमध्ये डीलर पॉट सांगतो, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. "पॉट" म्हटलंत तर तो आकडा काढून देईल. पण स्वतःला यायला हवं, नाहीतर "पॉट" म्हणून मोकळे व्हाल आणि मग कळेल की अर्धा स्टॅक गेला. रीत अशी: समोरच्या बेटची तिप्पट, अधिक त्या बेटच्या आधी पॉटमध्ये जे होतं ते. पॉट १,५०० आहे, समोरच्याने ६०० लावले. ६०० ची तिप्पट १,८००, त्यात १,५००. तुम्ही जास्तीत जास्त ३,३०० लावू शकता. पहिल्या फेरीत १००/२०० ला सगळ्यांत आधी बोलणाऱ्याला ७००: दोनशेची तिप्पट सहाशे आणि स्मॉल ब्लाइंडचे शंभर. अशी वीस उदाहरणं तोंडी सोडवा.

इस्पिक_राणी
तिप्पटीच्या हिशोबाला +१.

आणि चवडी लावण्यापेक्षा हे करा: घरातला एक पत्त्यांचा जोड घ्या, स्वतःला चार वाटा, मध्ये पाच उलगडा आणि मोठ्याने आपला हात वाचा. ऑनलाइन हा हात सॉफ्टवेअर वाचून देतं आणि ते आपलंच कौशल्य आहे असं आपल्याला वाटायला लागतं. टेबलावर बदामाचा राजा, नव्वी, चौकी, दुर्री आणि किलवरची सत्ती. तुमच्याकडे बदामाचा एक्का आणि बाकी तीन पत्ते दुसऱ्या रंगांचे. फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच, आहे?

तिर्री
आहे की. एक्क्याचा.

इस्पिक_राणी
नाही. हातातले नेमके दोनच लागतात आणि तुमच्याकडे बदाम एकच आहे. होल्डेममध्ये झाला असता. दमून, रात्री अकरा वाजता, पॉटमध्ये अर्धा स्टॅक असताना हे चुकतं. धागाकर्त्यांना हे येतं, मान्य. पण पडद्याशिवाय येतं का ते बघा.

उलटी चूक त्याहून महाग. हरलो असं वाटून पत्ते उलटे सरकवले की हात मेला. शेवटपर्यंत राहिलात तर चारही पत्ते टेबलावर उघडे ठेवा. दोन दाखवून भागत नाही. चारही उघडे असले की तुम्ही काय ओरडता याला अर्थ नाही, पत्ते जे आहेत तेच धरलं जातं.

पुढची_चाल
हे उपयोगाचं आहे. चार पत्ते बघायचे कसे? काल आरशासमोर करून बघितलं, सगळे आरशात दिसत होते.

जुना_पिसणारा
टेबलावरून उचलायचेच नाहीत. एका तळव्याची भिंत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कोपरा वाकवून पंख्यासारखे पसरायचे. एकदाच बघायचं आणि लक्षात ठेवायचं. फ्लॉपवर दोन बदाम आल्या आल्या पुन्हा पत्ते चाळायला गेलात तर सगळ्यांना कळतं की तुम्ही बदाम शोधताय. मग वर एखादी चिप ठेवा, नाहीतर डीलर चुकून गोळा करतो.

चिप्सची प्रॅक्टिस तरीही करा.

बटणावरचा
सुटं सुटं: हात चालू असताना फोनला हात लावू नका. पत्ते वाटून संपतात तेव्हा खुर्चीत असा, नाहीतर हात बाद, ब्लाइंड मात्र जातात. मोठ्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवा. दुसऱ्या टेबलावर पाठवलं तर वेळच्या वेळी जा. बहुतेक मोठ्या टुर्नामेंट टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांवर चालतात, ते एकदा चाळा. पण घरचे नियम वेगळे असू शकतात. अडलं तर शेजाऱ्याला नाही, डीलरला विचारा. "पहिल्यांदाच आलोय" म्हणायला लाजू नका.

तिर्री
ते मात्र कधीच सांगू नका! सगळे तुटून पडतील.

इस्पिक_राणी
चिप्स धरलेल्या बघून दुसऱ्या मिनिटाला कळतंच सगळ्यांना.

रमीवाली
कुणी सांगेल का रमीचं?

पुढची_चाल
धन्यवाद सगळ्यांना. पॉटची उदाहरणं सोडवतोय. रविवारी लिहितो.

पुढची_चाल
रविवार. सातव्या लेव्हलला गेलो, पुन्हा प्रवेश घेतला नाही. शेवटचा हात चुकला नव्हता: माझा एक्क्याचा फ्लश, रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला) टेबलावर जोडी लागली, समोर त्याहून वरचा फुल हाउस.

पॉटचं गणित तोंडपाठ होतं, एकदा तर डीलरच्या आधी आकडा सांगितला. चिप्स जुना_पिसणारा म्हणतात तशा दोनच दिवसांत काही वळल्या नाहीत, त्यामुळे बोलूनच खेळलो.

पण जे घडलं ते तुमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं. ऑनलाइन मी हात बघितला की लगेच "चेक/फोल्ड"वर (फुकट असेल तर राहा, नाहीतर पत्ते टाका) टिचकी मारून दुसऱ्या टेबलावर जातो. तिथेही हात आपोआप तेच करत होता. पहिल्या तासात दोनदा पाळी यायच्या आधी पत्ते फेकले, डीलरने समज दिली. तिसऱ्यांदा मी बिग ब्लाइंडला होतो, रेज कोणीच केला नव्हता. फुकट फ्लॉप बघायचा सोडून पत्ते फेकून मोकळा झालो. फ्लॉपवर माझ्या दोन अठ्ठ्यांना तिसरी अठ्ठी आली. शेजारचे गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

जुना_पिसणारा
हे मी सांगणारच होतो. तेवढ्यात ओमाहा निघालं.

इस्पिक_राणी
पाळी येईपर्यंत पत्ते उचलूच नका, हे पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. वर बघा.

पुढची_चाल
वाचलं होतं. ते मला टेल्ससाठी आहे असं वाटलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे, मित्राने पुन्हा नाव घातलंय.

बटणावरचा
ती पण पीएलओच ना? आत्ताच विचारून ठेवतो.

पुढची_चाल
नाही, ती मिक्स्ड आहे, आलटून पालटून वेगवेगळे प्रकार. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

रमीवाली
त्या धाग्यात विचारू का?