आर: तालुका × सिंचन तक्त्याची बेरीज जुळत नाही, टक्के निम्मे येतात

गिरणाकाठ
जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणाची सीएसव्ही फाईल आरमध्ये (R, आकडेवारीची संगणक भाषा) घेतली आहे. सिंचनाचे कोड १ ठिबक, २ मोकाट, ३ कोरडवाहू. फॅक्टर (ठरावीक प्रकारांचा रकाना) करून त्यांना नावं दिली. ओळींत तालुका, रकान्यांत सिंचन असा वारंवारतेचा तक्ता (नाव त) ‘टेबल’ने काढला. फाईलमध्ये ६४० ओळी, पण तक्त्याची बेरीज ५८७. तालुके १५, तक्त्यात १९ ओळी. आणि बेरजा जोडून ओळीनिहाय प्रमाण काढायला प्रॉप डॉट टेबल(अ‍ॅडमार्जिन्स(त), १) केलं की सगळ्या तालुक्यांच्या बेरजेखाली ०.५ येतं. क्षेत्राचे गटही पाडायचे आहेत; आकडे एकरात आहेत, २.२० असे.

तापीकाठ
०.५ चं आधी सांगतो. बेरजेचा रकाना आधी जोडला की प्रॉप डॉट टेबलला तो सिंचनाचा चौथा प्रकार वाटतो. छेद दुप्पट, म्हणून सगळे आकडे निम्मे. आधी प्रमाण काढा, मग बेरीज: अ‍ॅडमार्जिन्स(प्रॉप डॉट टेबल(त, १), २). शेवटचा २ विसरू नका, नाहीतर खाली तालुक्यांच्या प्रमाणांची बेरीज येईल, तिला काही अर्थ नाही. जिल्ह्याची ओळ हवी असेल तर अ‍ॅडमार्जिन्स(त, १) आधी लावलेलं चालतं, कारण खालची ओळ वरच्या ओळींच्या छेदात शिरत नाही.

गळालेल्या ५३ ओळी म्हणजे एनए (माहिती नसलेल्या नोंदी). ‘टेबल’ त्या मुकाट्याने सोडून देतं; यूजएनए = "इफएनी" द्या, दिसतील. पण त्या आल्या कुठून हेही बघा. कोड रिकामा असेल तर एनए होतोच. शिवाय लेव्हल्समध्ये (फॅक्टरला दिलेल्या प्रकारांच्या यादीत) नसलेला कोड (९ म्हणजे ‘उत्तर नाही’, किंवा चुकून पडलेला २२) फॅक्टर कसलाही इशारा न देता एनए करतो. म्हणून फॅक्टरच्या आधी मूळ रकान्याचा तक्ता काढायचा. ‘माहिती नाही’ हा वेगळा रकाना ठेवावा असं माझं मत. टक्क्यांचा छेद कोणता ते तक्त्याखाली लिहा.

१९ तालुके होतात ते लिहिण्यामुळे. चाळीसगाव आणि चाळिसगाव, मुक्ताईनगर आणि एदलाबाद, नावामागची मोकळी जागा. ट्रिमडब्ल्यूएस साधी जागा काढतं. वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी जागा तशीच राहते. नावं सुधारून झाल्यावर १५ तालुके लेव्हल्समध्ये हव्या त्या क्रमाने द्या. जे नाव चुकलेलं राहील ते एनएमध्ये पडेल, म्हणजे सापडेल.

केळीपट्टा
भाऊ, २.२० हा दशांश नाही, २ एकर २० गुंठे आहे ना? ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे २.५ एकर. पूर्ण भाग वेगळा काढा, उरलेला १०० ने गुणून राऊंड करा, ४० ने भागा आणि मिळवा. मग २.४७१ ने भागून हेक्टर. २.५ एकर १.०१ हेक्टर होतो, अल्पभूधारक (१ ते २ हेक्टर). तसाच २.२० भागला तर ०.८९, अत्यल्प (१ हेक्टरपेक्षा कमी). गटच बदलला! सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर (इथे आर हे जमिनीचं माप) मात्र थेट दशांशच, कारण १०० आर म्हणजे १ हेक्टर.

गट ‘कट’ने पाडा, ब्रेक्स ०, १, २, ४, १०, इन्फ, आणि राइट = फॉल्स. तसं न दिल्यास बरोबर १ हेक्टरवाला अत्यल्पमध्ये जातो. कृषी गणनेत तो अल्पभूधारक धरतात.

आणि शेतकरी मोजायचे की क्षेत्र, ते ठरवा. क्षेत्र हवं असेल तर एक्सटॅब्स(क्षेत्र ~ तालुका + सिंचन, डेटा = डी); डी म्हणजे तुमची फाईल. रावेर-यावलसारख्या केळीच्या तालुक्यांत दोन्ही तक्ते बरेच वेगळे दिसू शकतात.

गिरणाकाठ
मूळ रकान्यात ९ निघाले. तालुका आणि सिंचन यांचा संबंध तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी यावरच लावू का? लावून पाहिलं तर ‘अंदाज चुकीचा असू शकतो’ असा इशारा येतो.

तापीकाठ
मोजणीच्या तक्त्यावरच लावा. टक्क्यांवर किंवा हेक्टरवर नाही, बेरजेची ओळ-रकाना आणि ‘माहिती नाही’ वगळून. काही घरांत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असली की हा इशारा येतो. निकालातलं ‘एक्सपेक्टेड’ छापा म्हणजे कोणती घरं ते कळेल. १५ ओळींच्या तक्त्यावर फिशर (लहान संख्यांसाठीची अचूक चाचणी) बहुधा मेमरीवर अडेल; काय-स्क्वेअरलाच सिम्युलेट पी व्हॅल्यू = ट्रू द्या, बी (किती वेळा नमुने काढायचे) २००० असतं ते १०००० करा. तालुके एकत्र करायचे तर शेजार पाहून करा, पी व्हॅल्यू पाहून नव्हे.