मदत हवी आहे: आमदारांच्या पत्रकातला पाणंद रस्ता खरंच मंजूर आहे का, कुठे कळेल?

आमदारांचं पावसाळ्याआधीचं कामांचं पत्रक घरोघर आलं. त्यात आमच्या शिवारातला (यावल तालुका) पाणंद रस्ता 'मंजूर' आहे. पैसा आमदार निधीतला की मातोश्री पाणंद योजनेतला, ते लिहिलेलं नाही. जागेवर मुरुमाची एक पाटीही पडलेली नाही.

मागच्या पावसात ट्रॅक्टर काळ्या मातीत आसापर्यंत रुतला, केळीचे घड डोक्यावर वाहून आणले. मृग तोंडावर आलाय.

ग्रामसेवक पंचायत समितीकडे बोट दाखवतात, तिथले बांधकाम विभागाकडे. आमदार कार्यालयात दोनदा गेलो, 'यादीत आहे' एवढंच. रस्ता गावनकाशावर आहे, अतिक्रमणाचा वाद नाही.

प्रशासकीय मान्यतेचा आदेश बघायचाय. माहिती अधिकारात 30 दिवस जातील, तेवढा वेळ नाही. थेट जळगावच्या जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन बघायला मिळतो, की तहसीलला विचारावं?