घरची मंडळी ग्रुप: पाडवा, गुढी आणि चिऊची फाया

19 मार्च, सकाळी 9

आई: गुढी उभारली, फोटो टाकलाय. सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा 🙏

आत्या: तुम्हालाही. वहिनी, गाठी यंदा गुलाबी?

आई: पांढऱ्या संपल्या होत्या हो.

काका: चिऊ उठली का? स्पेनमध्ये, वालेन्सियात किती वाजलेत?

दादा: पहाटेचे साडेचार. झोपू द्या तिला.

चिऊ: झोपतंय कोण! आत्ता घरी आले. पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. आठवडाभर हेच चाललंय. रात्री तीनपर्यंत चौकात गाणी, आणि सकाळी आठला देस्पेर्ता. म्हणजे मंडळाची माणसं बँड घेऊन गल्लीतून फटाके आपटत फिरतात, लोकांना उठवायला. रात्री ज्यांनी जागवलं तेच सकाळी उठवतात.

आजी: चिऊ बाळा गुढी उभारलीस का प्रश्नचिन्ह

दादा: आजी, बोलून टाइप करताना चिन्हं बोलायची नसतात 😂

आजी: गप बस पूर्णविराम

दुपारी 1.10

चिऊ: 📷 घे आजी, गुढी. काठी म्हणजे फरशी पुसायच्या मॉपचा दांडा. वर स्टीलचा ग्लास, आईची हिरवी ओढणी. कडुनिंब मिळाला नाही, खाली पडलेली संत्र्याची डहाळी लावली. इथं रस्त्याच्या कडेला संत्र्याचीच झाडं आहेत.

आत्या: ते सगळं ठीक, पण गाठीच्या जागी मेदूवडे ओवलेत का गं?

चिऊ: बुन्योल आहेत ते. लाल भोपळा उकडून मैद्यात कालवतात, यीस्ट घालून पीठ फुगवतात. मग गाडीवरची बाई ओल्या हातानं गोळा उचलते, अंगठ्यानं भोक पाडते आणि थेट कढईत सोडते. वरून साखर. घट्ट गरम चॉकलेटमध्ये बुडवून खायचं.

आजी: म्हणजे घारगेच की

चिऊ: गूळ नाही गं त्यात.

आजी: मग कसले घारगे

चिऊ: आणि ऐका, समोरच्या बाल्कनीतल्या आजींनी गुढी बघून विचारलं, ही तुमची निनोत का, रात्री जाळणार का?

आजी: जाळायची नाही उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह

बाबा: निनोत म्हणजे काय? आणि हा सण कसला ते नीट सांग. मी ऑफिसात सगळ्यांना टोमॅटो फेकायचा सण म्हणून सांगितलंय.

चिऊ: बाबा, तो ऑगस्टमध्ये, बुन्योल नावाच्याच गावात. हे लास फायास. आज सान होसेचा दिवस, म्हणजे सुतारांचा संत. असं सांगतात की हिवाळ्यात सुतार दिवे टांगायला लाकडी खांब करायचे, आणि दिवस मोठे झाले की ते खांब, भुसा, मोडकं सामान दारात पेटवायचे. पुढं कुणीतरी त्या खांबाला जुने कपडे चढवले, मग शेजाऱ्याचा चेहरा दिला, मग पुढाऱ्याचा. आता चौकाचौकात चार-पाच मजली देखावे उभे राहतात. देखावा म्हणजे फाया, त्यातली एकेक बाहुली म्हणजे निनोत. वर्षभर कलाकार राबतात, 15 तारखेला सगळं उभं करतात आणि 19 च्या रात्री काडी लावतात.

काका: किती मंडळं?

चिऊ: शहरात जवळजवळ 400. प्रत्येकाची एक मोठी फाया आणि एक लहान मुलांची.

काका: वर्गणी?

चिऊ: काकांचा प्रश्न आलाच 😄 दरमहा सभासद वर्गणी, शिवाय लॉटरीची तिकिटं विकतात, दुकानदारांच्या जाहिराती, थोडी महापालिकेची मदत. मोठ्या गटातल्या फायेचा खर्च एक लाख युरोच्या वर जातो.

काका: कोट रुपये!! आणि जाळायचे? आमच्या मंडळात मांडवाच्या कनातीवरून भांडणं होतात.

दादा: पप्पा, आपणही दहा दिवसांनी मूर्ती पाण्यातच सोडतो.

काका: ते वेगळं.

आत्या: काय वेगळं?

काका: मूर्ती विसर्जित करतो, पुढाऱ्याचा पुतळा नाही.

आजी: होळीला बोंबा मारताना आम्ही तलाठ्याचं नाव घ्यायचो तसंच हे

चिऊ: अगदी तसंच, आजी! देखाव्याशेजारी पाट्या असतात, त्यात यमक जुळवून महापौरापासून घरमालकापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी. पण पाट्या वालेन्सियानोत, म्हणजे इथल्या भाषेत. मी दोन वर्षं स्पॅनिश शिकले आणि विनोद सगळे दुसऱ्याच भाषेत. रूममेट भाषांतर करते, तोवर बाकीचे हसून पुढच्या पाटीवर गेलेले असतात.

बाबा: धूर किती होत असेल.

चिऊ: काळा होतो बाबा. पूर्वी लाकूड, कागदाचा लगदा, मेण असायचं, आता बरंचसं थर्माकोल. लोकही त्यावर बोलतात, काही कलाकार पुन्हा लाकडी पट्ट्यांकडं वळलेत. यात मला इथल्यांची बाजू घ्यायची नाही.

काका: पीओपीची बहीण म्हणायची.

आई: जेवलीस का?

चिऊ: मंडळाच्या लोकांनी रस्त्यातच संत्र्याच्या लाकडावर पाएया शिजवला. कोंबडी आणि ससा होता, म्हणून मी कडेकडेचा भात नि शेंगा घेतल्या. तळाची खरपुडी मात्र सगळे ओरबाडून खातात, तिला सोकारात म्हणतात.

आजी: ससा

आजी: अरे देवा

संध्याकाळी 6.25

चिऊ: आता मास्क्लेता, सगळ्यांनी आवाज मोठा करा. आजी, तू नको.

आत्या: संध्याकाळी फटाके?

चिऊ: इथं दुपारचे दोन वाजतायत. 1 मार्चपासून रोज दोनला नगरपालिकेच्या चौकात हे होतं, आज शेवटचं. बघायचं काही नसतं, नुसता आवाज. सज्जातून फायेरा मायोर, म्हणजे यंदाची मुख्य मानकरीण म्हणते, 'सेन्योर पिरोतेक्निक, पोत कोमेन्सार ला मास्क्लेता', म्हणजे फटाकेवाले साहेब, मास्क्लेता सुरू करा, आणि सुरू.

चिऊ: 🎤 0.58

दादा: माझा फोन टेबलावरून सरकला.

चिऊ: शेवटच्या भागाला तेरेमोतो म्हणतात, म्हणजे भूकंप. पहिल्या दिवशी शेजारच्या काकांनी सांगितलं होतं, कानात बोटं घालू नकोस, तोंड उघडं ठेव. आवाज कानानं नाही, बरगड्यांत ऐकू येतो. पाच-सहा मिनिटांत संपतं आणि मग धुरात उभे राहून लोक चर्चा करतात, आज मधला ठेका जरा घाईत घेतला म्हणून. ढोल-ताशाचं पथक गेल्यावर काका करतात तशीच.

आई: ओढणी जपून. ठिणगी पडली की भोक.

चिऊ: …

आई: पडलं ना? सुती घेऊन जा म्हटलं होतं.

चिऊ: ती नाही, निळी. एक सात वर्षांचं पोरगं गळ्यात फटाक्यांची लाकडी पेटी अडकवून फिरत होतं.

आत्या: परवाचा फुलांचा व्हिडिओ फार सुंदर होता पण.

चिऊ: ओफ्रेंदा. 17 आणि 18 ला सगळी मंडळं रेशमी पोशाखात चालत येतात, देवी माता मरीयेला फुलं द्यायला. तिचा नुसता लाकडी सांगाडा असतो, उंचच्या उंच. त्यावर माणसं चढून बसतात, खालून फेकलेले गुच्छ झेलतात आणि लाल-पांढऱ्या फुलांचा शालू विणत जातात. जवळ आल्यावर बहुतेक बायका रडतात. मला वाटलं काही झालं की काय. रूममेट म्हणाली, इथं सगळे रडतात, तूही रडशील.

रात्री 12.05

चिऊ: गुढी सातच्या आत उतरवली, आजी. बुन्योल समोरच्या आजींना प्रसाद म्हणून दिले. त्यांना कडक लागले, तरी खाल्ले.

आई: आजी झोपल्या. बाबा जागे आहेत.

बाबा: तुझी फाया कितीला?

चिऊ: लहान मुलांची आत्ता आठला पेटतेय, मोठी दहाला. म्हणजे तुमचे अडीच. झोपा तुम्ही.

रात्री 2.50

चिऊ: पेटली. अग्निशमन दलाचे लोक आधी आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारतात. मग फटाक्यांची माळ सरसरत वर गेली आणि मला आवडलेली निनोत, चश्मा लावून पेपर वाचणारी म्हातारी, आधी नाकानं वितळली. लोकांच्या मतांनी दरवर्षी मोठ्या फायांतल्या एका निनोतला अभय मिळतं, ही प्रथा 1934 पासूनची, आणि ती संग्रहालयात जाते. मी हिला मत दिलं होतं. हरली.

बाबा: रडलीस?

चिऊ: हो. शेजारचे काकापण. आणि बाबा, इथं सान होसेचा दिवस म्हणजे फादर्स डे. सकाळपासून सांगायचं राहिलं.

बाबा: 👍

बाबा: तुला त्या पेपर वाचणाऱ्या म्हातारीचा फोटो काढता आला का? आजीला सकाळी दाखवू.