मधमाश्यांची मोजणी हौशी लोकांवर सोडावी का?

कोरडवाहू:
मत जरा कडू आहे, पटलं नाही तर हाणा. हल्ली जो तो मोबाइल घेऊन फुलांमागे धावतो, फोटो ॲपवर चढवतो आणि स्थानिक मधमाश्यांचं संवर्धन झालं म्हणून मोकळा होतो. जगात माश्यांच्या 20,000 हून जास्त जाती. बहुतेक एकांड्या, पुष्कळशा जमिनीत बीळ करणाऱ्या. फोटोत मात्र सापडतात त्या मोठ्या, केसाळ, निवांत. लॅसिओग्लॉसमसारख्या बारक्या माश्यांची जात सूक्ष्मदर्शकाखालीही भल्याभल्यांना चकवते. त्यात फोटो येणार लोक राहतात तिथलेच. मग त्यांवरून काढलेला नकाशा माश्यांचा झाला की मोबाइलवाल्यांचा? मोजणी प्रशिक्षित माणसांनी करावी. बाकीच्यांनी फवारणी थांबवली आणि रानफुलं उपटली नाहीत तरी खूप झालं.

पाकोळी:
अजिबात सहमत नाही. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं, हे 2017 साली जगाला कळलं ते कुणामुळे? तिथल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांनी लावलेल्या सापळ्यांमुळे. इतका दम धरणारा अनुदानित प्रकल्प दाखवा. तीन वर्षांत पैसे संपतात, अहवाल कपाटात जातो.

कोरडवाहू:
क्रेफेल्ड तर माझ्याच बाजूला आहे! सापळे एका पद्धतीचे, नमुने जपून ठेवलेले. ती मंडळी हौशी होती, हौसेखातर काहीही करणारी नव्हती.

पाकोळी:
म्हणजे तुमचं भांडण लोकांशी नाही, शिस्त नसण्याशी आहे. मग तसं म्हणा की. ब्रिटनमधलं 'बीवॉक' बघा. स्वयंसेवक मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला ठरलेल्या वाटेने चालतात, दिसतील त्या बंबलबी, म्हणजे गुबगुबीत केसाळ माश्या, मोजतात. एकही दिसली नाही तर तेही लिहितात. सुट्या फोटोंत नेमका हा शून्यच नसतो, आणि घट कळते ती त्याच्यावरून.

सूक्ष्मदर्शी:
दोघंही फोटोला उगाच झोडपताय. काय विचारायचंय त्यावर ठरतं. चिलीत परागणासाठी युरोपातली बंबलबी आणली, ती पसरत अर्जेंटिनात गेली आणि तिथली मूळची नारिंगी, भलीमोठी बंबलबी, बॉम्बस डालबोमाय, मागे हटत गेली. या दोघी लांबूनही वेगळ्या ओळखू येतात. असल्या ठिकाणी वाटसरूचा फोटोही सोन्यासारखा. बारक्या माश्यांसाठी तो निरुपयोगी, हे कोरडवाहूंचं खरं. पण पर्याय काय, तर साबणपाण्याच्या रंगीत वाट्या, ज्यात माश्या बुडून मरतात. हे काम सरसकट सगळ्यांच्या हाती देऊ नये असं माझं स्पष्ट मत.

उंटावरचा:
माश्यांना घरटी करता यावीत म्हणून मी भिंतीला नळ्यांचं बी-हॉटेल टांगलंय. पुण्य लागेल ना?

सूक्ष्मदर्शी:
@उंटावरचा, गिऱ्हाईक कोण आलंय ते आधी बघा. टोरांटोत सुमारे 600 बी-हॉटेलं तपासली, तर स्थानिक माश्यांपेक्षा गांधीलमाश्या आणि बाहेरून आलेल्या माश्यांचीच चंगळ. नळ्या वेळेवर बदलल्या नाहीत तर बुरशी, परजीवी. त्यापेक्षा उन्हातली थोडी जमीन न खणता, न झाकता उघडी ठेवा. आणि मेलिफेराच्या, म्हणजे मधासाठी पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या, पेट्या मांडून 'माश्या वाचवतोय' म्हणू नका. परागासाठी त्या स्थानिक माश्यांशीच स्पर्धा करतात.

पाकोळी:
अजून एक. दुर्मीळ जातीचं अचूक ठिकाण जाहीर करू नका. वॉलेसच्या महाकाय माशीचा एक नमुना 2018 साली ऑनलाइन लिलावात 9,100 डॉलरला विकला गेला. पुढच्या वर्षी ती इंडोनेशियात जिवंत सापडली. संग्राहकांना पत्ता मिळाला की संपलंच.

कोरडवाहू:
ठरलेली वाट, ठरलेली वेळ, गुप्त ठेवलेलं ठिकाण, सगळं मान्य. पण ओळख तपासणार कोण? चढवणारे ढीगभर, वर्गीकरण जाणणारे मूठभर, आणि तेही फुकटात रात्री बसून फोटो बघणार?

पाकोळी:
फुकटात का? प्रकल्पाच्या खर्चात ॲपआधी त्यांचं मानधन धरा. आणि फोटो चढवणाऱ्यांतल्या चिकाटीच्या लोकांना त्यांच्या हाताखाली बसवा.

कोरडवाहू:
मानधनाचं मान्य. चिकाटीचे लोक किती निघतात ते बघू.