पहिला लहान लेथ कुठला घ्यावा? आठवड्यात ठरवायचंय, मदत हवी आहे

वडगावकर:
घरच्या वर्कशॉपसाठी पहिला लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) घ्यायचा आहे. बजेट सत्तर हजार. बेळगावच्या उद्यमबागेत (औद्योगिक वसाहतीत) एक जुना साडेचार फुटी बघून आलोय, मालक म्हणतो आठवड्यात सांगा नाहीतर दुसऱ्याला देतो. ऑनलाइन नवे चिनी मिनी लेथही दिसतात. कुठला घेऊ? कृपया सरळ उत्तर द्या.

जुना_टर्नर:
सरळ कसं सांगणार ओ? त्याच्यावर करणार काय? पितळ, एमएस (साधं पोलाद) की बीड (कास्ट आयर्न)? जॉब (कापायचा तुकडा) केवढा? घरी थ्री फेज आहे काय?

खानापूरवाला:
मिनी घ्या. माझ्याकडे तीन वर्षं आहे. चाळीसेक किलोचा, टेबलावर बसतो, साध्या प्लगवर चालतो. आल्याबरोबर सगळा उघडून धुतला, गिब (सरकत्या भागांची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) नीट बसवल्या, आता पितळेवर सुरेख काम देतो. एमएसवर मात्र कट हलकाच घ्यावा लागतो. आणि आमच्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर रोज बेडला (ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लोखंडी पायाला) तेल. दोन दिवस विसरलो तर तांबूस गंज चढतो.

जुना_टर्नर:
बऱ्याच मिनी लेथच्या हेडस्टॉकात (जॉब फिरवणाऱ्या भागात) प्लास्टिकचे गिअर असतात. टूल एकदा जॉबमध्ये रुतलं की दात गेले.

खानापूरवाला:
दात गेले म्हणून बाकीचं वाचतं. गिअर स्वस्त मिळतो, एका संध्याकाळी बदलून होतो. तुमच्या जुन्या लेथचं बेड झिजलं तर ते कोण ग्राइंड करून देणार, किती घेणार?

निपाणीकर:
लेथपेक्षा थ्रीडी प्रिंटर घ्या. माझ्या भाच्याने पंपाचा नॉब, टेबल फॅनचं झाकण, सगळं घरीच काढलं.

चिकोडी_फिटर:
त्यांना धातूचं काम करायचंय हो. वडगावकर, थ्री फेज नसलं तरी जुना लेथ सोडू नका. व्हीएफडी बसवा, सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देतो. मोटर 415 व्होल्टला स्टारमध्ये असेल तर टर्मिनलच्या पट्ट्या डेल्टात (कमी व्होल्टच्या जोडणीत) फिरवून घ्या, वायरमनकडूनच.

वडगावकर:
छोटं वाफेचं इंजिन करूलोय. सिलिंडरचा बोर (आतला व्यास) 25 मिमी, फ्लायव्हील बिडाचं, 100 मिमी. घरी सिंगल फेजच. खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद.

जुना_टर्नर:
पहिला मजला हे आधी सांगायचं की ओ! साडेचार फुटी लेथ चारशे किलोच्या आसपास जातो. जिन्यावरून चढवताना सुटला तर माणूस जाईल. तळमजल्यावर जागा असेल तरच त्याचा विचार करा.

खानापूरवाला:
हेच म्हणतोय. या कामाला मिनी पुरतो. फ्लायव्हीलला मात्र फोर जॉ चक (जॉब धरणारा, चारही जबडे वेगळे हलणारा) लागेल, आणि बिडाची वरची कडक साल निघेपर्यंत हळू चालवा. पैसे सगळे मशीनवर घालू नका, चक, टूल, ड्रिल चक, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं) यांना निदान वीस हजार बाजूला ठेवा.

वडगावकर:
खाली गाडी लावायची जागा आहे. बाबांना विचारतो. जुना बघायला परत गेलो तर नेमकं काय तपासू?

जुना_टर्नर:
बेड चकाजवळ जास्त झिजतं, कारण काम तिथंच होतं. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ नेऊन गिब घट्ट करा, मग टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाला) सरकवा. वाटेत अडकला तर झीज आहे. दुसरं, 25 मिमीचा बार चकात धरून 100 मिमी बाहेर ठेवा, हलका कट घ्या, दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा, माप सारखं यायला हवं. तिसरं, चेंज गिअरचा (आटे कापताना बदलायच्या गिअरांचा) सेट पूर्ण आहे काय ते मोजून घ्या. लीड स्क्रू (आटे कापताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल तर मिलिमीटरचे आटे बरोबर कापायला 127 दातांचा गिअर हवा. आणि लेथ चालू करून दाखवा म्हणावं. बंद मशीनवर इसार देऊ नका.

चिकोडी_फिटर:
मशीनजवळ जाताना शर्टाच्या बाह्या दुमडा, हातमोजे घालू नका. चकाची चावी चकात ठेवून स्विच कधीच दाबू नका.

वडगावकर:
बाबा हो म्हणाले, फक्त गाडी आधी बाहेर काढायची. शनिवारी जातोय. बार मी नेऊ की तिथं मिळेल?

जुना_टर्नर:
आपलाच न्या. सरळ असलेला, गंज नसलेला. मायक्रोमीटरही आपलाच.